गोडं निघालं

वालावलकर रिक्षातून उतरले ते काखेत पुठ्ठे घेऊन,
फ्रिजच्या खोक्याचे, कापून चिकटवलेले,
एकही कोपरा काटकोनात नाही.
"या आकाराची पाण्याची टाकी हवी. दोन तुकड्यांत."
दस्तगीरनं पुठ्ठा उलटा धरला, सुलटा धरला.
"टाकी का पपई?"

होडीचं पोट असंच असतं म्हणे.
होडी शिडाची, जयगडच्या खाडीत,
आणि मालक कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

मी शेड चालवते, धायरीत.
दुधाचे कॅन, कार्यालयांची पिंपं, कढया.
समुद्रासाठी कधी काही केलेलं नाही.
म्हटलं, जुनीच आणा, डाग देऊ.
म्हणाले, दोनदा देऊन झाला.
खालचा फोम वर्षानुवर्षं ओला, त्यानं पत्रा खाल्ला,
सुईएवढी भोकं. एक बुजवलं की शेजारचं बोलतं.
आणि ती अख्खी बाहेर निघत नाही,
आधी टाकी ठेवली होती, मग तिच्यावर होडी बांधली.
चार दिवस पालथं पडून
करवतीनं तुकडे करून काढली त्यांनी.
वय अडुसष्ट.

"पण टाकीच गळतेय, हे कळलं कसं?"

तळात पाणी साचायचं, रोज तांब्याभर.
एका रात्री त्यांनी बोट बुडवून चाखलं.
डिझेल, बुरशी, कसलं कसलं,
पण खारट नाही.
"गोडं निघालं. मी तिथंच बसून हसलो, बाई.
खारं असतं तर समुद्र आत येत होता.
गोडं म्हणजे आपलंच होतं."

मी बिल लिहीत होते.
तीनशे सोळाचा पत्रा, दोन एमेम,
पुढचा आकडा टाकायचा राहिला.

ह्यांच्या शेवटच्या तीन वर्षांत
गल्ल्यातून पैसे जायचे, थोडे थोडे.
सगळे म्हणत, कुठंतरी पाणी मुरतंय.
मी दोन पोरं कामावरून काढली.
चाखून काही पाहिलं नाही.
औषधांच्या पावत्या नंतर निघाल्या,
ड्रॉवरच्या मागे, रबर लावून.

टाक्या झाल्या. आत आडवे पडदे, भोकं पाडलेले,
होडी कलली की पाणी एकदम धावू नये म्हणून.
वरचं तोंड किती मोठं ठेवायचं,
तर माझाच हात घालून पाहिला, कोपरापर्यंत,
कधीतरी कुणाला आतून पुसावं लागेल.

सायकलच्या पंपानं हवा भरली, सांध्यांवर साबणाचा फेस.
बुडबुडा नाही.
मग भरायच्या म्हटल्या, तर गुरुवार, नळ बंद.
टँकर मागवला. शेजारच्या सोसायटीतल्या बायका
बादल्या घेऊन उभ्या, आणि आम्ही
होडीच्या टाकीत पाणी ओततोय.
त्या काही बोलल्या नाहीत. पाच बादल्या दिल्या मी त्यांना.

रात्रभर टाक्या कोरड्या पेपरवर.
पहाटे दस्तगीर बॅटरी घेऊन वाकलेला,
आणि पेपरवर थेंब.
रुपयाएवढा. ताजा.
त्याचा चेहरा पडला.
मी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.
खारट.

"घाम पूस," म्हटलं.

टेम्पो कुंभार्ली घाटानं उतरला.
टाक्या रिकाम्या केल्या होत्या,
पण पपईच्या कोपऱ्यातून पाणी पुरतं निघत नाही.
धायरीच्या टँकरचं पेलाभर तरी गेलंच असेल खाडीपर्यंत.
दस्तगीर टेम्पोबरोबर गेला नाही. म्हणाला, उलटी होते घाटात.
समुद्र त्यानं पाहिलेला नाही. विचारलंही नाही कसा असतो.

काल वालावलकरांचा फोन.
तळ कोरडा आहे, तीन आठवडे.
तरी रोज सकाळी बोट फिरवतो म्हणाले,
सवय.

अडीच हजार बाकी आहेत त्यांच्याकडे.
पुढच्या फोनला मागेन.